कानबाईपुढे पुन्हा मांडी घातली

देवीशी भांडू नये म्हणतात. मी भांडले, आणि तेही होळीच्या सणाला, जावेच्या देखत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या धुळ्याच्या घरी सगळे जेवायला जमले होते आणि ह्यांनी हळूच विषय काढला, "यंदा श्रावणात कानबाई शिरपूरला धाकट्या भावाकडे बसवू. तुझ्यानं आता होत नाही." कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची माय. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून तिला चौरंगावर बसवायची, नैवेद्याला जाड पोळ्यांचे रोट करायचे, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. सासूबाईंनी जाताना ती माझ्या ओटीत घातली होती. आमच्या घराण्यात तिची मांडणी जमिनीवर मांडी घालूनच करतात, आणि चार वर्षांच्या संधिवातानं माझी अशी गत केली होती की खाली बसले तर दोघांनी बखोटीला धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. ह्यांचं चुकलं नव्हतं. पण मी देव्हाऱ्यापाशी गेले आणि मोठ्यांदा म्हणाले, "इतकी वर्षं तुझं नाव घेऊन गोळ्या गिळतेय, आणि तू निघालीस होय शिरपूरला? जा, खुशाल जा!" मग स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.

आता माझं शहाणपण ऐका. वाताच्या माणसाला वारा लागू द्यायचा नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दुखणं सुरू झाल्या दिवसापासून मी मागच्या खोलीत राहायला गेले. खिडक्या बंद, फटींत चिंध्या, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, पायांत मोजे. वैशाखात माणसं ओली चादर पांघरून निजतात त्या धुळ्यात मी लोकरीत! बाहेर पडायचं ते फक्त दवाखान्यासाठी, तेही नखशिखान्त गुंडाळून. तरी दुखणं वाढतच गेलं. बोटं सुजायची ती सुजायचीच, पण पुढे मांड्यांत बळ राहिना, पायांची हाडं ठणकायला लागली. मी म्हणायची, कुठून तरी अजून वारा येत असणार.

होळीनंतर जळगावच्या बहिणीनं निरोप धाडला, इथे एक चांगला डॉक्टर आलाय, एकदा दाखव. शेवटचा प्रयत्न म्हणून ह्यांच्याबरोबर एसटीनं निघाले. डॉक्टरनंही हात टेकले, तर कानबाईचा चौरंग शिरपूरला पाठवायचा, असं मनाशी ठरवूनच निघाले होते. गाडीत गर्दी, हे पुढे बसले, मी मागे. पारोळ्याला एक म्हातारी चढली. पांढरं स्वच्छ पातळ, हातात कापडी पिशवी. माझ्या शेजारी बसली आणि खाडकन खिडकी उघडली.

"बंद करा, मला संधिवात आहे," मी खेकसले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माय वं, इतलं ऊन शे नि तू सेटर घालीसन बठेल शे?"

खिडकी काही तिनं लावली नाही. बोलता बोलता कळलं, सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, आता नातीच्या नामकरणाला जळगावच्या बुद्धविहारात निघाली होती. मी ऊन कधी घेते, जमिनीवरून उठता येतं का, जिना चढता येतो का, असं ती विचारत गेली. मग काही कळायच्या आत तिनं माझी नडगी अंगठ्यानं दाबली. मी अशी किंचाळले की कंडक्टर धावत आला.

"हाई सांधा नही, हाई हाड शे," ती म्हणाली. "तुना हाडेस्ले ऊन नही भेटनं."

मला हसूच फुटलं. "मावशी, खानदेशात कुणाला ऊन कमी पडतं होय? आपलं ऊन वाटायला काढलं तर निम्म्या महाराष्ट्राला पुरेल!"

तीही खो खो हसली. "नदीना काठले बठनी नि तोंड बांधी लिधं, त मंग नदी काय करी?" मग एकदम गंभीर झाली. "डॉक्टरले बोटे मांगून दखाड. पहिले नडगी दखाड." आधी नडगी, बोटं मागून, हे एरंडोल ते जळगाव तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, शाळेतल्या बाईंसारखं. स्टँडवर उतरल्यावर तिचं नाव विचारायला वळले तर ती गर्दीत केव्हाच दिसेनाशी झाली होती.

डॉक्टरांनी माझी वाकडी बोटं पाहिली आणि कागद ओढून लिहायला लागले. चार वर्षं हेच होत होतं, कारण मीही आत गेले की बोटंच पुढे करायची. त्या दिवशी मी म्हणाले, "थांबा डॉक्टरसाहेब, आधी नडगी बघा." त्यांनी पेन ठेवलं. हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं, मला जमलं नाही. रक्त तपासलं, फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, "संधिवात आहेच, त्याच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. पण तुमच्या अंगातलं ड जीवनसत्त्व फार कमी झालेलं दिसतं. संधिवाताच्या पुष्कळ लोकांत ते कमी असतं, आणि तुम्ही तर स्वतःला कोंडूनच घेतलंत." आठवड्याला दुधातून घ्यायची एक पुडी दिली, चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, आणि रोज थोडा वेळ हातपाय उघडे टाकून उन्हात बसायला सांगितलं. बाहेर येऊन मी रस्त्यातच मफलर काढला. हे घाबरून म्हणाले, "अगं, वारा!" मी म्हटलं, "येऊ द्या."

आणि काय सांगू, तो उन्हाळा मजेत गेला! गल्लीभरच्या बायका आमच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे पापडच, वाळत घालायच्या आणि मला धरून वर नेऊन राखणीला बसवायच्या. हातात काठी, समोर चिमण्या. राखणीची मजुरी म्हणून अर्धवट वाळलेले बिबडे खायचे आणि गप्पा हाणायच्या. चार वर्षांत माणसं भेटली नव्हती इतकी त्या एका चैत्रात भेटली. बरं वाटायला महिने लागले, एका रात्रीत काही झालं नाही. आषाढात कठडा धरून का होईना, जिना एकटी चढले. तेव्हा ह्यांनीच शिरपूरला पत्र टाकलं, कानबाई इथेच बसेल, तुम्ही या.

श्रावणात कानबाईच्या रविवारी सगळे भाऊबंद जमले. मी हळूच चौरंगापुढे मांडी घातली. बोटं मात्र वाकडीच होती, आजही आहेत. नारळाला नथ काही लावता येईना. आधीची मी असते तर चिडले असते, नाहीतर कुणाला हात लावू दिला नसता. त्या दिवशी नथ जावेच्या हातात दिली. "तू लाव गं, मी बघते." तिनं लावली, आणि कानबाई इतकी गोड दिसली की माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं मी देवीला बरं करायला सांगत होते, आणि कसं करायचं तेही सांगत होते. तिला माझं काही ऐकायची गरजच नव्हती. मी माझे हट्ट सोडायचे, एवढंच बाकी होतं. ती नर्सबाई विहारात वंदना करणारी. तिला कानबाईनं धाडलं असं म्हटलं तर ती मला चापटच मारेल. मी वाद घालत नाही. दोन्ही हात तिलाही जोडते आणि मायलाही.

मांडणी झाली. ह्यांनी आणि दिरांनी मला उचलायला हात पुढे केले. मी मान हलवली. एक गुडघा टेकला, मांडीवर जोर दिला, आणि उठले. कुणालाही न धरता. "अक्का वं!" म्हणून जाऊ रडायला लागली, ह्यांनी उपरण्यात तोंड लपवलं, आणि मी लगेच पुन्हा खाली बसले.

"काय झालं? चक्कर आली का?" हे धावले.

"काही नाही हो," मी म्हटलं. "होळीला फार बोलले होते तिला. नमस्कार राहिलाय."