फेसातला बुडबुडा

लिंबाच्या साबणाचा वास आला, की वॉर्डातल्या आम्हा नर्सना कळायचे, साबणचाचा आले. एका हातात दाढीचा ब्रश, दुसऱ्या हातात फेसाने भरलेली स्टीलची वाटी. कुवेतमधल्या आमच्या सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनच्या नळ्या सांभाळण्याचे कंत्राट शुवैखच्या एका कंपनीकडे होते आणि दापोलीकडचे चाचा त्या कंपनीचे तंत्रज्ञ. “श्वास सरकारचा, नळी कंपनीची,” असे ते आपल्या नोकरीचे वर्णन करीत.

प्रत्येक सांध्यावर फेस लावून ते डोळे बारीक करून थांबत. “सिस्टर, दोन मिनटं बोलू नका. नळी काय सांगते ते ऐकू दे.” फेसात बुडबुडा फुगला, तर गळती. नाही फुगला, तर त्यांचा एकच शब्द येई, “घट्ट.” तो कानी पडला, की रुग्णाच्या छातीची संथ लय मला नव्याने दिसू लागे.

त्या उन्हाळ्यात आपला एक अंतराळवीर परदेशी खाजगी कंपनीच्या यानातून कक्षेतल्या स्थानकावर जायचा होता. चाचा हरखले. “म्हणजे वरपण आमच्यासारखंच? माणूस सरकारचा, यान कंपनीचं?” मग बातमी आली, रॉकेटमध्ये गळती सापडली, उड्डाण लांबले. चहाच्या खोलीत हशा पिकला.

“कंत्राटदाराचं काम ते, चाचा,” मीही थट्टा केली.

ते हसले नाहीत. “सगळं जग बघत असताना कुणीतरी ‘थांबा’ म्हणाला, सिस्टर. केवढी छाती असेल त्याची.” त्यांच्या आवाजात नमाजानंतरची शांतता होती.

दोनच दिवसांनी नवजात बाळांच्या खोलीमागे, त्यांच्याच कंपनीने नव्याने टाकलेल्या नळीवर, मोहरीएवढा बुडबुडा फुगला. कंत्राट पुढे चालू ठेवायचे की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होते. कंपनीचा मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, फोनवर म्हणाला, सांधा आवळा आणि गप्प बसा. चाचांनी सांधा आवळला, पण गप्प बसले नाहीत. “हा आज थांबला. बाकीचे सांधेपण त्याच हातांनी जोडलेत,” असे म्हणून त्यांनी माझ्याकडून रजिस्टर मागून घेतले आणि ठसठशीत अक्षरांत गळती लिहिली. ती सगळी नळी बदलली गेली. चाचांचा तिथे राहण्याचा परवाना, अकामा, मात्र कंपनीने वाढवला नाही. जाताना त्यांनी ब्रश माझ्या हाती ठेवला.

यान अखेर उडाले, तेव्हा चाचा गावी पोचले होते. दुसऱ्या दुपारी आम्ही मोबाईलभोवती जमलो. अथांग काळोखात ते पांढरे यान स्थानकाला अलगद टेकले, जणू फुलपाखरू फांदीवर बसावे. पण दार उघडेना.

“आता काय अडलंय?” कुणीतरी वैतागले.

मला ठाऊक होते. दोन दारांमधल्या एवढ्याशा जागेत हवा भरून कुणीतरी निसटणाऱ्या श्वासाचा कानोसा घेत होते. मी चाचांना फोन लावला. तेही तेच पाहत होते. “दोन मिनटं बोलू नका, सिस्टर,” ते म्हणाले. मग पडद्यावरचे ते दार हलले आणि दूर दापोलीहून चाचा म्हणाले,

“घट्ट.”