पित्ताची गोळी आणि हवालदारांची शिस्त

“हवालदार, तोंड उघडा.”

त्यांनी उघडलं. ओठ आतून सोलले होते. अंगभर लाल चट्टे, डोळे लाल, ताप, आणि त्या उन्हात खांद्यावर घोंगडी. आटपाडीकडचे हे फौजी पेन्शनर. एचआयव्हीची औषधं न्यायला सांगलीला आमच्या सरकारी सेंटरवर येतात, गावाला पत्ता नको म्हणून. मी तिथली डॉक्टर.

“पित्त उठलंय, म्याडम,” बायकोने परस्पर निदान करून टाकलं. “आमसुलाचं पानी लावलं, घोंगडीनं अंग घासलं. मेडिकलवाल्यानं पित्ताची गोळी दिली. खाज लय कमी झाली बगा.”

आमच्याकडे अंगावर काहीही उठलं की ते पित्तच. पित्ताची गोळी म्हणजे अँटीहिस्टामिन. ती खाज थांबवते. खाज कशाने सुटली, याच्याशी तिला देणंघेणं नाही. मेडिकलवाल्यालाही नव्हतं. त्याला एचआयव्हीचं सांगणार कोण?

माझा संशय सल्फाच्या गोळीवर होता. प्रतिकारशक्ती कमी असली की न्यूमोनिया वगैरे होऊ नये म्हणून आम्ही ती देतो. काहींना तिची अ‍ॅलर्जी होते. नुसती पुरळ असेल तर निभावतं. ताप येऊन तोंड सोललं की माणूस दगावू शकतो.

“ती मोठी पांढरी गोळी बंद कधी केलीत?”

हवालदार दुखावले. “बंद? आज सकाळी बी घेतली. तुमीच म्हनला व्हता, काय बी झालं तरी गोळी चुकवायची न्हाई. आर्डर म्हंजी आर्डर!”

सल्फा तिथल्या तिथे बंद करून त्यांना अ‍ॅडमिट केलं. वरिष्ठांना फोन लावला.

“एकही गोळी चुकवली नाही? वा!” साहेब खूश. “पुढच्या कार्यक्रमात सत्कार करू त्यांचा.”

“आधी वाचू तर द्या, सर.”

वाचले. कातडी निघाली, पण वाचले. घरी सोडताना मी बजावलं, “सल्फा आता आयुष्यात नाही. अंगावर काही उठलं तर आधी मला फोन, मग मेडिकल.”

“हे पयल्या दिवशी सांगितलं असतं तर ते बी पाळलं असतं की,” हवालदार म्हणाले.

आता मी प्रत्येकाला दोन्ही सांगते: गोळी चुकवू नका, आणि अंगावर उठलं तर विचारल्याशिवाय पुढची घेऊ नका. बोलण्यात वेळ जातो. दर पेशंटमागे वेळ का वाढला, असा साहेबांनी लेखी खुलासा मागवला. मी लिहून दिलं, “आमचे पेशंट सांगितलेलं ऐकतात, म्हणून.”