कारणाचा रकाना

साहेबांची काठी तीन तुकड्यांची होती. बिशप म्हटला की हातात ती उंच, वर वळलेली काठी लागतेच. अख्खी काठी गाडीत मावत नाही, म्हणून तिला आटे पाडून घेतले होते. डिकीत स्टेपनीशेजारी ती जुन्या टॉवेलात गुंडाळलेली असायची. एकदा मधला तुकडा घरीच राहिला. चर्चबाहेर लोक रांगेत उभे, आणि मी डिकीत डोकं खुपसून घामाघूम. साहेब आले, उरलेले दोन तुकडे एकमेकांत फिरवले आणि कमरेपर्यंत येणारी ती काठी टेकत आत गेले. "मी तरी कुठे उंच आहे," म्हणाले.

मी त्यांचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं त्यांची गाडी चालवली. ब्रेक जोरात मारतो म्हणून ते मला ब्रेकराव म्हणायचे. त्यांच्या हाताखाली त्रेचाळीस चर्चं होती, काही डांबरी रस्त्यावर, काही अशी की तिथवर पोहोचेपर्यंत गाडीचा आणि माझा दोघांचा जीव घशाशी यायचा. रोज सकाळी ते मला एक चिठ्ठी देत. त्यांचं अक्षर उजवीकडे कललेलं, बारीक. "आधी आजारी बाई, मग गळकं छप्पर, मग भांडण," असं लिहिलेलं असायचं. बिशपचं काम म्हणजे झगे आणि आशीर्वाद असं ज्यांना वाटतं, त्यांना मी या चिठ्ठ्या दाखवायला हव्या होत्या.

एका गावात गायनमंडळातल्या दोन जावा एकमेकींशेजारी उभ्या राहायला तयार नव्हत्या. समजूत घालून सगळे थकले. साहेब त्या दोघींच्या मधोमध उभे राहिले आणि तीन गाणी गायले. त्यांचा आवाज म्हणजे काय सांगू, फुटका डबा बरा. तिसऱ्या गाण्याला दोघींनी मिळून त्यांना गप्प बसवलं, आणि गप्प बसवण्याच्या नादात आपसात बोलल्यासुद्धा. परतीच्या वाटेवर साहेब एवढे हसले की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. ते नेहमी पुढे, माझ्या शेजारी बसायचे. मागे बसलं की आपण सामान आहोत असं वाटतं, म्हणायचे.

या सगळ्या गावांत एक गाव आमचं होतं, खाणीचं. तिथे दगड फोडतात आणि क्रशरमध्ये घालून खडी करतात. धूळ इतकी की वाळत घातलेला कपडा संध्याकाळी झटकल्याशिवाय घडी करता येत नाही. माझे वडील तिथेच दगड फोडायचे. मी दुसरीत होतो आणि धाकटा आईच्या कडेवर होता, तेव्हा ते खोकून खोकून गेले. साहेब त्या वेळी त्या गावचे तरुण फादर होते. वडिलांना मूठमाती त्यांनीच दिली. पुढे बिशप झाल्यावर मला गाडीवर घेतलं तेही त्यांनीच. आई अजून कंपनीच्या खोलीत राहत होती आणि धाकटा त्याच खाणीत दगड फोडायला जायचा. त्याच्या लग्नाचं आम्ही बघत होतो. मुलगी बघायला गेलो तिथे चहाचा कप हातात घेऊन तो असा खोकायला लागला की चहा अंगावर सांडला. मुलीकडच्यांनी काही विचारलं नाही, पुन्हा निरोपही पाठवला नाही.

ते मी साहेबांना सांगितलं आणि तिथून ते खाणीच्या मागेच लागले. क्रशर बंद शेडमध्ये चालवा, दगडावर पाणी मारा, आजारी माणसांवर उपचार करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. दोन वर्षं आम्ही कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. बाकावर बसून बसून साहेबांच्या पांढऱ्या झग्याला मागे कायमचा डाग पडला होता. शेवटी सरकारने चौकशी अधिकारी नेमला. धुळीने माणसं मरतात असं त्याने एकदा लिहिलं की कंपनीला पाणी मारावंच लागणार होतं. धाकट्याची छाती तेवढ्यावर अडकली होती. पण लिहायला पुरावा हवा, आणि कंपनीच्या दवाखान्यातले जुने कागद वाळवीने खाल्ले होते. त्या वाळवीलाही कंपनीचा पगार असावा.

तेव्हा साहेबांना दफनाची रजिस्टरं आठवली. चर्चच्या दफनभूमीत पुरलेल्या प्रत्येक माणसाची नोंद असते, नाव, वय, धंदा, तारीख. "अडतीस वर्षं, दगड फोडणारा. एक्केचाळीस, दगड फोडणारा. छत्तीस," ते गाडीत बोटांवर मोजत म्हणाले. "मला एकेक चेहरा आठवतोय रे. ब्रेकराव, आता मेलेली माणसंच साक्ष देतील." सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला रजिस्टरं आणायला पाठवलं.

चर्चच्या कपाटातून मी ती दोन जाडजूड रजिस्टरं काढली आणि तिथेच बाकावर बसून वडिलांची ओळ शोधली. आईला वाचून दाखवावी, एवढाच विचार होता. ओळ सापडली. वय एकोणचाळीस. धंदा दगड फोडणे. त्यापुढे एक रकाना होता जो साहेब बोटांवर मोजताना विसरले होते. मृत्यूचं कारण. तिथे लिहिलं होतं, 'नैसर्गिक'. खालच्या ओळीत नैसर्गिक, त्याखालीही नैसर्गिक. पानं उलटली. सात वर्षांत सत्तावीस दगड फोडणारे, आणि सगळे नैसर्गिक. अक्षर उजवीकडे कललेलं, बारीक. ते मी रोज सकाळी वाचायचो.

माझं डोकं फिरलं. वडील शेवटी बसून झोपायचे, आडवं झालं की श्वास लागत नसे. त्याला हा माणूस नैसर्गिक म्हणतो? संध्याकाळी मी रजिस्टरं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. ते कुणाच्या तरी पत्राला उत्तर लिहीत होते. "सगळं ठीक?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "ठीक," मी म्हटलं. तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी रजिस्टरं दिली नसती, वकिलाला विचारलं असतं, काहीतरी केलं असतं. मी सांगितलं नाही. उद्या चारचौघांत त्यांनीच ते पान उघडावं आणि मी त्यांचं तोंड बघावं, असं मला वाटलं. हे मी आज लपवणार नाही.

सुनावणीची खोली लहान होती. कोपऱ्यात ताटलीने झाकलेला पाण्याचा जग, भिंतीला लागून बाक, आणि बाकावर खाणीतल्या सात विधवा, त्यांत माझी आई. धाकटा दाराशी उभा होता आणि तोंडावर रुमाल धरून खोकत होता. कंपनीची वकीलबाई फार गोड बोलायची. साहेबांनी दिलेली रजिस्टरं तिने शांतपणे चाळली.

"बिशपसाहेब, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय, जरा वाचता?"

साहेबांनी चष्मा लावला. मी त्यांचं तोंड बघत होतो. जे बघायची मला एवढी हौस होती ते मी पाहिलं, आणि त्या क्षणी मला ते नको झालं. साठीच्या माणसाचा चेहरा भर खोलीत असा खचताना कुणी पाहू नये.

"नैसर्गिक," ते म्हणाले.

"सत्तावीस वेळा. मग तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा."

चौकशी अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने लेखणी खाली ठेवून विचारलं, "तसं लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? नीट आठवून सांगा. कुणाचा दबाव?" साहेबांनी बाकाकडे पाहिलं. आई अर्धवट उठली होती. साहेबांनी मान किंचित हलवली. आई खाली बसली.

"नाही. माझं मीच लिहिलं."

परत येताना ते पुढे माझ्याशेजारीच होते. फाटक लागलं, गाडी थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू पाहिलं होतंस?"

"हो."

"कधी?"

"काल."

ते मालगाडीचे डबे मोजत राहिले. मग म्हणाले, "तो रकाना मी मनातून पुसूनच टाकला होता रे. सांगायला हवं होतंस."

"तुम्ही खरं लिहायला हवं होतं," मी म्हटलं.

त्यांना घरी सोडून मी आईकडे गेलो आणि नाही नाही ते बोललो. कसला देवमाणूस, कंपनीचा मिंधा आहे, उद्यापासून गाडीला हात लावणार नाही. धाकटा भिंतीला टेकून बसला होता. आई भांडी घासत होती. हातातलं भांडं तिने पाण्यात बुडवलं, बाहेर काढलं, पुन्हा बुडवलं.

"मीच सांगितलं होतं तसं लिहायला," ती म्हणाली.

तेव्हा कंपनीचा नियम होता. माणूस आजाराने गेला तर खोली आठ दिवसांत रिकामी करायची, रोग पसरतो म्हणून. आपल्या मरणाने गेला तर बायकोला खोली राहायची आणि खडीच्या चाळणीवर कामही मिळायचं. मुकादम चर्चमध्ये येऊन रजिस्टर बघून जायचा. "फादर नाहीच म्हणत होते. खोटं लिहिणार नाही म्हणाले. मी त्याला त्यांच्या पायावर ठेवला," तिने धाकट्याकडे हात केला. "तुला हाताला धरलं होतं. म्हटलं, खरं लिहून या दोघांना कुठे नेऊ? फादर रडले. मग लिहिलं. नंतर बाकीच्या बायकाही गेल्या."

"मग आज बोलली का नाहीस?"

"उठले होते की. त्यांनी बस म्हणून खुणावलं. मी बोलले असते तर खोली आज गेली असती. याची नोकरीही."

माझं लहानपण, शाळा, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्या एका खोट्या शब्दावर उभं होतं, आणि मी त्या शब्दासाठी त्यांना भर खोलीत उघडं पडू दिलं होतं. मनाची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी नेहमीसारखी मिळाली. 'आधी शाळा, मग आजारी म्हातारा, मग कचेरी.' माफी मागायचे शब्द मी रस्ताभर घोकले होते. साहेब आले आणि त्यांनी मागचं दार उघडलं. "आज मागे बसतो. जरा टेकायचंय," म्हणाले. मी गाडी सुरू केली. त्यानंतर ते मागेच बसू लागले. हसायचे, ब्रेकराव म्हणायचे, आजाऱ्यांच्या उशाशी तासन् तास बसायचे, पण पुढची सीट रिकामी राहायची, आणि रोज उद्या बोलू, उद्या बोलू म्हणत मी गाडी चालवायचो.

तीन महिन्यांनी निकाल आला. साक्षीदाराच्याच नोंदी त्याच्या म्हणण्याविरुद्ध असल्याने धुळीचा संबंध सिद्ध होत नाही. साहेबांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा बाकावर बसले. आता कारकूनही उभे राहत नसत. क्रशर कोरडाच चालला.

धाकटा त्यानंतर दोन वर्षं काढू शकला. शेवटी तोही बसून झोपायचा, वडिलांसारखा. बिशपने करायचं ते काम नव्हे, गावचे फादर होते. पण मूठमाती द्यायला साहेब आले. बापालेकांना एकाच हाताची माती. सगळं झाल्यावर त्यांनी रजिस्टर मागवलं आणि ते आईसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, या वेळी काय लिहू?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "खरं लिहा, फादर. आता माझ्या कडेवर कुणी नाही."

मी रजिस्टर धरलं. वय तेहतीस. धंदा दगड फोडणे. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'खाणीच्या धुळीने मारले.' रकाना छोटा, शेवटचा शब्द सहीच्या जागेत गेला. आईला वाचता येत नाही. तिने काय लिहिलं ते मला विचारलं, मी वाचलं, आणि तिने त्या ओळीवर बोट ठेवून मला पुन्हा वाचायला लावलं.

आठव्या दिवशी कंपनीने खोली रिकामी करून घेतली. नियम बदलला नव्हता. आईला माझ्याकडे आणायला मी गाडी नेली, तर साहेब न सांगता सोबत आले. झग्याच्या बाह्या दुमडून त्यांनी भांडी उचलली, पत्र्याची पेटी उचलली. काठीचे तुकडे काढून डिकीत चूल ठेवली. पुढे आईला बसवलं आणि स्वतः मागे गाठोड्यांत बसले.

गाव मागे पडल्यावर मी आरशात पाहून म्हटलं, "साहेब, त्या दिवशी मी सांगायला हवं होतं."

"हो रे," ते म्हणाले. "हवं होतं."

जाऊ दे म्हणाले नाहीत. समजुतीचं खोटं त्यांनी कायमचं सोडलं होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "ब्रेक जपून मार. भांडी आहेत."

त्यांच्या मांडीवर धाकट्याची उशी होती, ज्याला टेकून तो बसून झोपायचा ती. माझं घर येईपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.