टेबलावरचं वय

२०२२ साली मी बासष्ट वर्षांचा होतो. पासपोर्टात मात्र अठ्ठावन्न. शाळा चौथीत सुटली, पासपोर्टाच्या वेळी एजंटाने मनाला येईल ते साल टाकलं आणि मी ते राहू दिलं. सौदीत रास अल खैरला पाइपांचं वेल्डिंग करायचो. साठी उलटली की कंपनी माणसाला घरी धाडायची, आणि मला गावी ओट्यावर बसून माशा मारायच्या नव्हत्या.

आमचा फोरमन कोरियन. त्याने पहिल्या दिवशी नावाआधी वय विचारलं. त्यांच्यात मोठा कोण ते कळल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. मी कागदावरचं सांगितलं. तो एकोणसाठचा, खूश झाला.

"मैं बडा भाई," म्हणाला.

मनाचा मोठा होता, हे खरं. एखाद्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मला आणि माझ्याच गावच्या एका तरुण फिटरला गाडीत घालून दम्मामला कोरियन हॉटेलात न्यायचा. दोन तास जायला, दोन तास यायला. तिथे टेबलातच शेगडी, मांस भाजायचं आणि कात्रीने कापायचं. आंबवलेल्या कोबीची किमची पहिल्यांदा तोंडात घातली तेव्हा वाटलं, हिच्यात आपली सुकट पडली आहे. विचारलं, तर खरंच खारवलेली बारकी कोळंबी होती. त्या दिवसापासून मला ते जेवण परकं वाटलं नाही.

एकच गोष्ट सलायची. वयाने मोठा असेल त्याने चमचा उचलल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी ताटाला हात लावत नाही, आणि इथे मी त्याच्या चमच्याकडे बघत बसायचो.

तिसऱ्या खेपेला भूक फार होती. मी सरळ एक तुकडा उचलायला गेलो. त्याने हसत हसत माझा चमचा अडवला.

"छोटा भाई, रुको."

फिटर मराठीत पुटपुटला, "थांबा चाचा. लहानांनी शिस्तीत राहावं."

माझं डोकं फिरलं. "मेरा उमर बासठ है," मी म्हणालो. "छोटा तू."

फिटरने टेबलाखालून पाय मारला. "काय केलंत चाचा? आता तिकीट हातात पडेल."

फोरमनने चमचा खाली ठेवला.

"सच?"

"सच."

तो अर्धवट उठला. जवाच्या पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी धरून त्याने माझा पेला भरला आणि मांसाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"आप पहले."

शेगडीवरचं मांस करपत होतं, तरी कोणी हलेना. मी घास घेतला, मग सगळे जेवले.

परतताना जुबैलच्या पुढे तो बोलला. "ऑफिस को नहीं बोलेगा. लेकिन आप ऊपर नहीं चढेगा. नीचे काम."

तीस वर्षं मी उंचीवरचा वेल्डर म्हणून मान घेतला होता. "देखेंगे," एवढंच म्हणालो.

पहिल्या सांगण्यात मी आजवर कोणाचं ऐकलेलं नाही, बायकोला विचारा. पण त्या माणसाने माझी भाकरीही राखली आणि मानही. हे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सेफ्टी बेल्ट स्टोअरमध्ये जमा केला, मशीनची केबल ओढत शेडमध्ये नेली आणि पहिला जोड खाली बसूनच मारला.