तीन आठवड्यांचं मीठ

हॅलबेकमध्ये अशी बोलवा होती की गार्थ एन्ट्विसलला हसताच येत नाही. कुठल्याशा फुटबॉल सामन्यात कुणाचं तरी कोपर लागलं, गालातली नस तुटली आणि तेव्हापासून तोंडाचा एक कोपरा वर जायचाच बंद झाला. म्हणून तर गोल मारल्यावरही हा माणूस सुतकात असल्यासारखा मान खाली घालून परत फिरतो. ही बोलवा पसरवायचं काम म्हाताऱ्या पोगसनने मनापासून केलं. पोगसन मैदानात आमच्या पुढच्याच रांगेत बसतो. त्याचं प्रत्येक वाक्य ‘मी काही बोलत नाही, पण’ असं सुरू होतं आणि मध्यंतरापर्यंत चालतं. “मी काही बोलत नाही, पण नसच आहे ती. माझ्या मेव्हण्याचं अस्संच झालं होतं. दाढ काढताना.”

तर हे खोटं आहे. एन्टीला हसता येतं आणि भरपूर येतं. गार्थ त्याला फक्त त्याची बायको म्हणते, बाकी जगासाठी तो एन्टी. मी स्वयंपाकघरात पहिल्यांदा पोगसनची नक्कल केली तेव्हा एन्टीच्या नाकातून चहा आला होता. त्याच दिवशी त्याने माझं नाव साळुंकी ठेवलं.

आमच्या घरात हॅलबेक क्लबची पोरं राहतात. आधी आजी ठेवायची, आता माझी आई ठेवते. बहुतेक सतरा वर्षांची असतात, पायात सोनं आणि धुलाई यंत्राचं दार कुठल्या बाजूने उघडतं ते ठाऊक नाही. एन्टीही सोळाव्या वर्षी असाच आला होता, वरच्या मागच्या खोलीत. आई तेव्हा शाळेत होती. ती सांगते की तेव्हा तो गोल मारला की वेडा व्हायचा. एकदा तर कोपऱ्यातला झेंडा उपटून तो घेऊनच पळाला होता. एकोणिसाव्या वर्षी क्लबने त्याला सोडलं, आणि मग सोळा वर्षं तो इंग्लंडभर फिरला. कुठे दोन सीझन, कुठे अर्धा, कुठे एका क्लबाने दुसऱ्याला साखर द्यावी तसा उसना. दहा क्लब झाले. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पस्तिसाव्या वर्षी तो दोन बॅगा घेऊन पुन्हा आमच्या दारात उभा राहिला. बायको आणि मुलगी मागे राहिल्या, मुलीची शाळा मोडायची नव्हती म्हणून.

“लोरेन, तीच खोली आहे का गं?” त्याने आईला विचारलं.

“तीच आहे. पडदे बदललेत. पाय पूस आणि ये.”

आमच्याकडे रीत अशी की नवीन माणसाने पहिल्या जेवणाला खुर्चीवर चढून गाणं म्हणायचं. सगळ्याच क्लबांत हे चालतं. एन्टी जुलैच्या उकाड्यात खुर्चीवर चढला आणि त्याने नाताळचं भजन म्हटलं, बेसूर, तिन्ही कडवी. दहाही क्लबांत हेच म्हटलंय म्हणाला. मग त्याने मला चढायला सांगितलं. मी चढले आणि मैदानावरच्या नाइजेलच्या आवाजात म्हटलं. नाइजेल माईकवर गोल आणि आडवी लावलेली गाडी एकाच सुरात जाहीर करतो. सगळे हसले, पण एन्टी म्हणाला, “हे नाइजेलने म्हटलं. तू कधी म्हणणार?”

मी खुर्चीवरून उतरले. कुणाचा तरी आवाज घेतल्याशिवाय मला गाता येत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कसं कळलं कोण जाणे.

त्याचा करार एका वर्षाचा होता. त्याला आणखी एकच वर्ष हवं होतं. जिथे सुरुवात केली तिथेच बूट टांगायचे, एवढीच त्याची हौस होती. ते वर्ष द्यायचं की नाही, हे मॅनेजर क्रॅडॉक मे महिन्यात ठरवणार होता.

आता एन्टीचा खेळ असा की तो दिसतच नाही. तो मधल्या फळीत खेळतो. चेंडू जिथे येणार असतो तिथे हा आधीच उभा असतो, बस चुकू नये म्हणून लवकर आलेल्या माणसासारखा. घेतो, देतो, पुन्हा उभा राहतो. ऐकू मात्र येतो. पूर्ण वेळ हळू आवाजात बोलत असतो, “वळ, राजा. वेळ आहे. अजून वेळ आहे. आता नाहीये.” ही माझी सगळ्यात चांगली नक्कल आहे. आई गाडी मागे घेत असली की मी करते.

असा माणूस वर्षात दोन-तीन गोल मारतो. पहिला मारला तो ऑक्टोबरमध्ये, थॉर्नसीविरुद्ध. कॉर्नरवरून परतलेला चेंडू लांबूनच हाणला आणि जाळं फुगलं. सगळं मैदान उठलं. एन्टीने दोन्ही तळहात समोर धरले, पंगतीत वाढणाऱ्याला ‘बास, नको’ म्हणावं तसे, आणि मान खाली घालून मध्यरेषेकडे चालू लागला. जुन्या क्लबाविरुद्ध गोल झाला तर नाचायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण थॉर्नसी? तिथे हा कधी होता, कुणालाच आठवेना. मग पोगसनने नस शोधून काढली.

मला राहवेना. त्या संध्याकाळी एन्टी जिन्यात गुडघ्यावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी ठेवून बसला होता. मी खालच्या पायरीवर बसले आणि विचारलं.

“थॉर्नसीला होतो की,” तो म्हणाला. “उसना. विशीत.”

“किती दिवस?”

“तीन आठवडे.”

“तीन आठवड्यांत कोण कुणाचं होतं, एन्टी? तीन आठवड्यांत आमच्याकडे दूधवाला बदलतो.”

तो हसला, नसेसकट. मग म्हणाला की तिथे दुसऱ्याच दिवशी त्याचा गुडघा सुजला होता. ज्या बाईकडे राहायला होता ती रोज सकाळी अशीच वाटाण्यांची पिशवी आणून बांधायची. शेवटच्या दिवशी तिने तेच वाटाणे शिजवून त्याला वाढले. “तिचा नवरा त्यांच्या मैदानाचं गवत कापतो, अजून. आज आला होता. मी काय त्याच्यासमोर नाचू?”

मग मला नादच लागला. एखाद्या क्लबाचं मीठ अंगी लागायला किती दिवस लागतात? मी एकेक क्लब काढायचे आणि त्याला विचारायचे. असा एक क्लब सापडावा की जिथलं याच्यावर काहीच ऋण नाही, अशी माझी इच्छा होती. सापडेना. एका गावी भटारखान्यातली बाई त्याच्यासाठी गरम बटाट्याच्या जाड चिप्सवर घट्ट ग्रेव्ही वेगळी काढून ठेवायची. मार्डेलला तर तो एकही सामना खेळला नव्हता, बाकावर बसून परत आला. मी म्हटलं, सापडला. तर तिथल्या ड्रायव्हरने याच्या मुलीचा जन्म झाला त्या दिवशी सगळ्या संघाची बस इस्पितळाकडे वळवली होती.

आणि जानेवारीत याने गोल मारला तो नेमका मार्डेलविरुद्ध. तळहात समोर, मान खाली. या वेळी आमच्याच लोकांनी हुर्यो केली. मान खाली घातली ती कुणासाठी, तर जिथे नुसता बाकावर बसला त्या क्लबासाठी!

आई म्हणाली, सांगून टाक ना बाबा पेपरवाल्यांना एकदा. एन्टीने मान हलवली. सांगून केलं की ते दाखवण्यासाठी केल्यासारखं होतं म्हणाला. मी मात्र पोगसनला सांगितलं, वाटाण्यांसकट. पोगसनने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी काही बोलत नाही, पोरी, पण पाच आठवडे मी इस्पितळात होतो. उद्या इस्पितळाची टीम आली तर मी काय घरी बसू?”

मार्चमध्ये क्रॅडॉकने एन्टीला खोलीत बोलावलं. क्रॅडॉक प्रत्येक गोष्ट ‘मी सरळ माणूस आहे’ म्हणून सुरू करतो आणि मग तीन वळणं घेतो. एन्टीने घरी येऊन त्याची नक्कल केली, इतकी वाईट की मला ती दुरुस्त करून पुन्हा करावी लागली. सार एवढंच होतं: खेळावर कुणी बोट ठेवत नाही, पण लोकांना वाटतं याला आपल्याविषयी काही वाटत नाही, आणि लोकांचा आवाज मालकांपर्यंत जातो. पुढचा गोल झाला की जरा कोपऱ्यापर्यंत धाव, हात वर कर. म्हणजे वर्षभराचं मी बघतो.

“एवढंच ना? मग धाव की,” मी म्हटलं.

“कुणाविरुद्ध होतो बघू,” एन्टी म्हणाला.

झाला तो स्केल्बीविरुद्ध, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात. मला तर उकळ्या फुटल्या. दहा क्लबांत एन्टीला कुणी वाईट वागवलं असेल तर स्केल्बीने. चार वर्षं तिथे घाम गाळला, आणि तुला विकलंय हे त्यांनी त्याला फोनवरच्या निरोपाने कळवलं, तो पेट्रोल भरत उभा असताना. तिथल्या मिठाची तर फेड झाली होती.

गोल डोक्याने झाला. एन्टी पडला, उठला आणि त्याचा पाय कोपऱ्याकडे वळला. मी पाहिलं. आमचा सगळा स्टँड उठला. पोगसनसुद्धा उठला, आणि त्याला उठायला वेळ लागतो. तीन-चार पावलं एन्टी पळाला. झेंड्याच्या पलीकडेच स्केल्बीचे लोक बसले होते, लांबून बस करून आलेले, भिजलेले. तो थांबला. तळहात समोर धरले. स्केल्बीचे लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि आमच्या लोकांनी त्या टाळ्या हुर्योने बुडवल्या.

घरी मी त्याच्याशी भांडले. फोनवर विकणाऱ्यांसाठी वर्ष घालवलंस, मी म्हटलं. तो बुटांतला चिखल सुरीने काढत होता.

“फोन मालकाने केला, साळुंकी. मालक मैदानात नव्हता. तिथे ते बसले होते. चार वर्षं माझ्यामागे भिजत फिरले ते.”

मे महिन्यात क्रॅडॉकने सांगितलं की तो सरळ माणूस आहे. करार झाला नाही. एन्टी दोन दिवस मागच्या खोलीत पडून राहिला. आईने वर नेलेला चहा दारातच गार झाला. तिसऱ्या दिवशी खाली आला आणि त्याने आमचं तुंबलेलं सिंक उघडून साफ केलं. जूनमध्ये स्केल्बीहून फोन आला. मालक बदलला होता, आणि नव्या मॅनेजरला कुणीतरी म्हणे त्या टाळ्यांची गोष्ट सांगितली होती. एक वर्ष द्यायला तयार होते. हॅलबेकचं नव्हे, पण वर्षच.

तो बॅगा भरत होता तेव्हा मी दारात उभी राहिले. मला अजूनही वाटत होतं की या माणसाच्या इमानाला कुठेतरी तळ असणार. मी म्हटलं, सप्टेंबरात स्केल्बी इथे खेळायला येणार. आमच्या लोकांनी तुझी वर्षभर हुर्यो केली, तुला दोनदा सोडलं. आमच्याविरुद्ध गोल मारलास तर तू नाचशील. झेंडा उपटशील, पूर्वीसारखा.

“नाही.”

“पैज.”

त्याने मोजा गुंडाळता गुंडाळता विचार केला. “नाचलो तर तू म्हणशील ते. नाही नाचलो तर तू खुर्चीवर चढायचं. तुझ्या आवाजात.”

मी हात पुढे केला. गोल झालाच नाही तर पैज रद्द. आणि एन्टीचे गोल होतात तरी किती?

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी सामना संपत आला होता. आमच्या गोलरक्षकाने मारलेला चेंडू नेमका एन्टी उभा होता तिथे आला. तो अर्थातच आधीपासून तिथे उभा होता. त्याने एकदा वर पाहिलं आणि लांबून उचलून जाळ्यात टाकला. स्केल्बीची पोरं त्याच्या अंगावर धावली. त्याने त्यांना हाताने बाजूला केलं, आमच्या स्टँडकडे तोंड केलं आणि दोन्ही तळहात समोर धरले. मान खाली. आमच्याकडे कुणाला काय करावं सुचेना. हुर्यो सुरू झाली आणि मध्येच विरली.

“मी काही बोलत नाही,” पोगसन म्हणाला. आणि जन्मात पहिल्यांदा खरंच पुढे काही बोलला नाही. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

माईकवर नाइजेलने गोल जाहीर केला, आडव्या गाडीच्या सुरात.

सामन्यानंतर एन्टी आमच्याकडे आला. त्यांची बस बाहेर थांबली होती, आणि मागच्या खोलीतल्या नव्या पोराने ड्रायव्हरला चहा नेऊन दिला. आईने एन्टीसमोर चिप्स ठेवल्या. त्याने एक उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि मी घसा खाकरून नाइजेलच्या सुरात सुरू करणार तेवढ्यात म्हणाला, “नाइजेल नाही.”

“मग पोगसन?”

“पोगसन नाही. क्रॅडॉक नाही. मीही नाही.”

मी आईकडे पाहिलं. ती माझी बाजू घेईल असं वाटलं. तिने टेबलाखालून खुर्ची ओढली आणि खोलीच्या मध्यात ठेवली.

“चपला काढ आणि चढ,” ती म्हणाली. “गादी मळते.”