काठ उकरायचा की लिंपायचा?

अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतकी सरळ फरशी कुणी बसवलेली नाही! खोटं वाटत असेल तर आमच्या पोहायच्या टँकवर या आणि काठावर एक लिंबू ठेवून बघा. ते कुणालाही न विचारता निघतं, बाकाच्या पायाला वळसा घालतं आणि थेट ऑफिसात जाऊन सेक्रेटरींच्या टेबलाखाली बसतं. इतकी सरळ!

बरं, सरळ नाही तर नाही. पण फरशी माझी आहे. मी महादू मिस्त्री. सातवीत मास्तरांनी मला सोडलं आणि मी शाळेला, तेव्हापासून हातात थापी. तीस वर्षांमागं मी आणि माझा जोडीदार शौकत, दोघांनी मिळून ह्या टँकचा चारी बाजूंचा काठ शहाबादी फरशीनं मढवला. त्या वेळच्या कमिटीनं खूश होऊन दोघांना जन्मभर फुकट पोहायची परवानगी दिली. ती चूक त्यांना अजून भोवतेय. रोज सकाळी सहाच्या बॅचला आम्ही हजर. शौकत पोहतो, मी बोलतो.

टँकच्या काठावर दोन गोष्टी कितीही घासल्या तरी जात नाहीत. एक शेवाळ आणि दुसरे किस्से. आज घासावं तर उद्या दुप्पट. त्यातनं यंदा असा प्रश्न निघाला, की हा काठ सगळा उकरून नवीन करायचा, का जुन्यावरच लेप मारून भागवायचं? तेव्हापासनं मला एका जागी बसवेना झालंय. म्हणून म्हटलं, बसवत नाही तर निदान लिहावं.

*

एकदा बँकेचे एक मॅनेजर नवीन मेंबर झाले. माणूस इतका शिस्तीचा, की टॉवेलसुद्धा इस्त्रीचा! मी त्यांना बाजूला घेतलं.

"साहेब, उथळ बाजूच्या शिडीजवळची ती फरशी हाय न्हवं? तिच्यावर पाय द्यायच्या आधी वाकून तीनदा ठोकायचं. जुनी पद्धत हाय."

"का बरं?"

"ते हितं कुणी इचारत न्हाय."

झालं! मॅनेजर रोज वाकून ठोकायला लागले. साहेब ठोकतात म्हटल्यावर दुसरे ठोकायला लागले. महिन्याभरात अख्खी बॅच रांगेत उभी राहून ठोकते आणि मग पाण्यात उतरते! कुणी म्हणे कंबरेला चांगलं, कुणी म्हणे बीपी उतरतं. एक जण तर म्हणाला, आमच्या आजोबांच्या काळापासून आहे. टँक बांधला तेव्हा ह्याला मिसरूड फुटलेलं मी बघितलंय!

मॅनेजरांची बदली झाली. ठोकणं राहिलं.

मग एक दिवस मीच घाईत तसाच शिडीनं उतरायला गेलो, तर मागनं सगळी रांग ओरडली, "ओ मिस्त्री! ठोकायचं ऱ्हायलं!"

काय करता? वाकलो, आणि बोटाच्या पेरानं ठोकलं. हसत हसतच ठोकलं. पण दुसऱ्यांदा ठोकताना हसू तिथंच थांबलं. चांगली बसलेली फरशी टण वाजते. खालचा सिमेंट-वाळूचा माल वाहून गेला, की ती फुटक्या माठासारखी बद्द वाजते. माझी फरशी बद्द वाजत होती.

शेजारची ठोकली. बद्द. तिच्या पलीकडची. बद्द!

"मिस्त्री, तीनदाच!" रांग ओरडली.

मी पाण्यात उडी मारली.

*

पाणी ऑफिसात जातं ते काही आजचं नाही. काठाचा ढाळ गटाराकडे द्यायचा असतो, तो माझ्या हातनं ऑफिसाकडं गेला. पहिल्याच उन्हाळ्यात त्या वेळचे सेक्रेटरी बोंबलत आले, "मिस्त्री, ऑफिसात पाणी!"

मी म्हटलं, "साहेब, उन्हाळ्यात थंडावा नको व्हय? मुद्दाम सोय केलीया."

त्यांनी माझे आभार मानले हो! खरंच मानले! त्यानंतर चार सेक्रेटरी झाले. चौघेही खुर्चीवर मांडी घालून बसले. आत्ताचे सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर आहेत, त्यांना मांडी घालता येत नाही. म्हणून ते पाय विटेवर ठेवतात. दर्शनाला आल्यासारखं वाटतं.

*

आता मालनआक्कांचं सांगतो. आक्का उचगावच्या. घरी बारा म्हशी, आवाज तेराव्या म्हशीचा. सकाळची धार काढून, दूध घालून, साडेसातच्या बायकांच्या बॅचला येतात. त्यांना टँकवर कुणी कधी घाबरलेलं बघितलेलं नाही.

एके दिवशी आक्का पाण्यातनं वर आल्या, चार पावलं चालल्या आणि शेवाळावरनं सट्‌कन पाय सुटून खाली बसल्या. धाड! तिघी बायका पळत आल्या. मीही आलो. बघतो तर आक्का साबूत आणि फरशीचे दोन तुकडे!

"लागलं का आक्का?"

"मला काय धाड भरलीया? फरशीला ईचारा!"

सगळे हसले. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो. मग तुकडा उचलून बाजूला ठेवायला गेलो, तर खाली हात घालावा एवढी पोकळी. घरी जाऊन जेवायला बसलो, तर ताटात भाकरी आणि डोळ्यापुढं ती पोकळी. आक्कांच्या जागी कुणी वाळकं माणूस असतं तर? आमचा शौकतच असता तर?

शौकतला तसं बोललो. शौकत म्हणजे आधीच कमी बोलणारा. तो म्हणाला, "उकरू दे की मग."

"उकरू दे? सगळी?"

"सगळी."

बोलून हा गडी बुडी मारून पार पलीकडे. भांडायचं तरी कसं?

त्याला काय जातंय! मी घातलेल्या फरशीची किती घरं होती ह्या गावात. एकेक पाडून तिथं अपार्टमेंटं झाली. जुन्या गिऱ्हाइकांच्या गल्लीतनं सायकलवरनं जातो, तर एक उंबरा ओळखीचा राहिलेला नाही. माझ्या हातची म्हणावी अशी ही एकच फरशी उरली. ही उकरली, की माझं काम गावात होतं हे कशावरनं? म्हणून मी लेपवाल्यांच्या पार्टीत गेलो. सभेत उभा राहून सांगितलं, "जुनं ते सोनं! वरनं लेप मारा, पन्नास वर्षं बघायला नको!"

आक्का मागनं ओरडल्या, "सोन्याला गिलावा कशाला लागतोय, मिस्त्री?"

*

लेपवाला कॉन्ट्रॅक्टर आला. गॉगल, बूट, हातात निळ्या रंगाचा डबा. शिडीपासल्या चार फरशांवर त्यानं नमुना म्हणून लेप मारला आणि सगळ्यांकडं बघून म्हणाला, "पावणं, वाळल्यावर ह्याच्यावरनं म्हैस चालवा. घसरली तर मिशी उतरवीन!"

मालनआक्कांनी शांतपणे विचारलं, "कवा आणू?"

कॉन्ट्रॅक्टर हसला. उचगावच्या माणसापुढं म्हशीवरनं हसू नये, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवर आक्का आणि त्यांची चंपी! दिवाळीत शिंगांना मोरपिसं लावून मिरवतात ती म्हैस. वॉचमन आडवा आला. त्यानं भिंतीवरच्या नियमावर बोट ठेवलं, "टोपीबिगर आत सोडत न्हाय!"

"ती पोवायला आली न्हाय," आक्का म्हणाल्या. "कमिटीच्या कामाला आलीया."

वॉचमननं रजिस्टरात लिहून घेतलं. चंपी, उचगाव, काम कमिटीचं.

आता खरं सांगतो, मी मनातल्या मनात देवाला हात जोडले होते. म्हैस घसरू देऊ नको, लेप टिकू दे. चंपी आली. पहिला पाय निळ्या लेपावर. घसरली नाही. दुसरा पाय. घसरली नाही! कॉन्ट्रॅक्टरनं मिशीवर ताव दिला. मी टाळी वाजवली. तिसऱ्या पायाला खालनं 'कड्‌' झालं आणि खूर चार बोटं आत!

लेपाला काही झालं नव्हतं. निळा, गुळगुळीत, चिवट. त्याच्या खालची माझी फरशीच बसली होती.

चंपीनं पाय काढून घेतला, तिला काही लागलं नाही. पण तिनं समोर एवढं मोठं पाणी बघितलं आणि तिचा विचार पालटला. पुढचा अर्धा तास अख्खी कमिटी तिचं शेपूट धरून होती. हेडमास्तर सेक्रेटरी तिला सांगत होते, "अगं मागं हो! मागं हो बघू!" आणि शौकत पाण्यात उभा राहून गालातल्या गालात हसत होता.

*

शेवटी कमिटीनं इंजिनियर बोलावला. आल्या त्या मॅडम. वय असेल तिशीचं, गाव हुपरी, घरात चांदीकाम. हातात एक बारकी लोखंडी सळी. वाकून फरशीवर एक टोला द्यायचा, कान लावायचा, पुढं सरकायचं.

मी म्हटलं, "मॅडम, एवढ्या टोल्यात काय कळतंय?"

"काका, आमच्या घरात पैंजण वाजवून जोड कुठं कच्चा ऱ्हायलाय ते सांगत्यात. फरशी त्या मानानं सोप्पी."

त्यांनी हिशोब सरळ ठेवला. निम्म्याच्या वर फरशा पोकळ निघाल्या तर सगळं उकरायचं. कमी निघाल्या तर तेवढ्याच बदलून वरनं लेप. कमिटीनं मान डोलावली. मॅडमनी संध्याकाळपर्यंत अर्ध्या काठावर पोकळ फरशांना खडूनं फुल्या मारल्या आणि बाकीचं उद्या म्हणून गेल्या.

सहाच्या बॅचचा वॉर्मअप मीच घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी मारली. "आज वॉर्मअप उलटा! आधी बुडी, मग काठावरनं ओल्या अंगानं तीन फेऱ्या!"

बॅचचे सोळा म्हातारे निथळत निथळत तीन फेऱ्या फिरले. नऊपर्यंत काठावर एक फुली शिल्लक नाही! मॅडम आल्या, काठ बघितला, माझ्याकडं बघितलं. पहिल्यापासनं पुन्हा ठोकलं आणि ह्या वेळी तांबड्या ऑइलपेंटनं फुल्या मारल्या.

पेंटचा डबा मात्र तिथंच विसरल्या. मग मी काय गप्प बसतोय? सेक्रेटरींच्या खुर्चीवर फुली. वॉचमनच्या सायकलच्या सीटवर फुली. शौकतच्या टॉवेलावर फुली!

मॅडम वही घेऊन आल्या. खुर्ची बघितली, सीट बघितली, टॉवेल बघितला.

"खुर्ची पोकळच हाय काका, ती मी आधीच धरलीया," त्या म्हणाल्या. "सायकलचं ठोकून बघाय लागंल. आणि डब्याला झाकण लावा, वाळतोय."

सगळा टँक हसला. दोन माणसं सोडून. एक सेक्रेटरी, एक मी.

*

निकालाच्या दिवशी सकाळी बॅच सुटल्यावर सगळे काठावरच जमले. सेक्रेटरी, आक्का, सोळाच्या सोळा म्हातारे. शौकत तेवढा पाण्यात, हनुवटी काठावर टेकवून. मला उभं राहवेना, बसवेना. दोनदा पाणी पिऊन आलो, एकदा उगाच शॉवर सुरू करून बंद केला.

मॅडमनी वही उघडली. "निम्म्याच्या लई वर पोकळ हायत. उकरायलाच लागंल."

एक म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला, तो मी झटकला.

"पण," मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट हाय. खोल पाण्याच्या बाजूचा पट्टा. ह्या शिडीपासनं त्या शिडीपर्यंत. तिथं एक फरशी पोकळ न्हाय."

त्यांनी वाकून सळी मारली. टण! दुसरी. टण! तिसरी, चौथी, टण, टण! तीस वर्षांत एक सांधा उघडा पडलेला नाही, ढाळ बरोबर गटाराकडे, लेव्हल काचेसारखी. मी आपला येडा, बाकीच्या काठाच्या काळजीनं इतके दिवस तिकडं फिरकलोच नव्हतो.

"असं काम आता बघायला मिळत न्हाय, काका," मॅडम म्हणाल्या. "हा पट्टा उकरायचा न्हाय. नवीन काठ ह्याच्या लेव्हलला घ्यायचा."

काय सांगू तुम्हाला! माझे डोळेच भरले. मी सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "बघा! लिंबू लिंबू म्हणून हसत होता न्हवं माझ्यावर? हे बघा काम! हा हात हाय मिस्त्रीचा! बाकीचं खुशाल उकरा, मला काय दुःख न्हाय. पण सेक्रेटरीसाहेब, ह्या पट्ट्यावर एक पाटी लागली पायजे. 'हे काम महादू मिस्त्री यांनी केले.' बारकी लावा, पण लावा!"

"लावू की," सेक्रेटरी म्हणाले. "संगमरवरी लावू."

सोळा म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्कांनी तर शिट्टी मारली!

शौकतनं कानातलं पाणी झटकलं. मग हात काठावर ठेवून, त्या पट्ट्यावरनं एकदा तळवा फिरवून, माझ्याकडं न बघताच म्हणाला,

"लाव की पाटी, म्हाद्या. पण हा पट्टा घातला तवा तू हितं न्हवतास. सासऱ्याच्या दिवसकार्याला मलकापूरला गेलतास."