भिंतीकडे तोंड करून

गुदद्वाराच्या स्नायूंची ताकद मोजणारं मशीन आमच्या दवाखान्यात आलं, तेव्हा आम्हा नर्सना ते शिकवायला बाहेरून एक जुन्या सिस्टर आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला टेबलावर भिंतीकडे तोंड करून झोपवलं आणि मागे नुसत्या गप्प उभ्या राहिल्या. मी दचकून वळून पाहिलं; मला रागच आला.

"घाबरलीस की! पेशंटला मागचं काय दिसत न्हाय. हात लावायच्या आधी बोलायचं."

पुढे माझं काही चुकलं, की त्या घसा खाकरायच्या. त्या खाकरण्याची मी धास्तीच घेतली होती.

माझी पहिली पेशंट कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची एक मावशी. "मावशी, आता नळी घालते हं. आता आवळून धरा. आता सोडा." मध्येच त्यांना वारा सरला. त्या लाजेनं रडकुंडीला आल्या. मी त्यांच्या कानडीत म्हणाले, "इरली बिडरी, असू द्या. सगळ्यांचंच होतं." त्या हसल्या. मागून खाकरणं आलं नाही.

"झालं? एवढंच व्हय?" शेवटी मावशींनी विचारलं.

माझाही जीव भांड्यात पडला. वळून पाहिलं, तर खोलीत सिस्टर नव्हत्याच. दाराची कडी बसत नाही, म्हणून बाहेरून दार घट्ट ओढून उभ्या होत्या.

"कधी गेलात बाहेर?"

"तू बोलायला लागलीस तवाच."